किल्ली ठेवायची कुठे?

*शर्यतीच्या सायकलस्वाराचे कपडे अंगाला चिकटून बसतात. वारा कापण्यासाठी ते उत्तम, पण त्यांना खिसा नसतो. मग घराची किल्ली, चार पैसे आणि स्वतःची ओळख न्यायची कशी? प्रश्न छोटा दिसतो, पण त्याचे उत्तर आधीच शोधून ठेवलेले बरे.*

झाशीच्या छावणीत दिवस लवकर सुरू होतो. बुंदेलखंडाचे ऊन म्हणजे खेळ नव्हे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ज्याला व्यायाम करायचा आहे त्याने उजाडण्यापूर्वीच बाहेर पडावे. छावणीतले रस्ते त्या वेळी मोकळे असतात, झाडांची सावली असते आणि सदर बाजारातली दुकाने अजून मिटलेली असतात. ज्यांच्या पायांत जोर आहे त्यांना बेतवाकाठचे ओरछा तर एका दमाचे अंतर. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर होतात आणि न्याहारीच्या वेळेला माणूस घरी पोहोचतो.

पोहोचतो खरा, पण घरात शिरतोच असे नाही!

बदलीच्या नोकरीमुळे फौजेतली किंवा रेल्वेतली अनेक मराठी कुटुंबे अशा गावी येऊन राहतात. सायकलचा नाद असलेला माणूस ज्या घरात आहे, तिथे पहाटेचा एक संवाद जवळजवळ ठरलेला असतो.

"अहो, किल्ली घेतलीत का?"

"अगं, ठेवू कुठे? या कपड्यांना खिसाच नाही. तू आहेस ना घरात!"

ती घरात असते तोवर ठीक. पण ती मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला खाली उतरते, वाऱ्याने दार ओढले जाते आणि लॅच लागते. आता तीही बाहेर आणि तोही बाहेर. आत गॅसवर दूध. शेजाऱ्यांना उठवायचे, लोहाराला किंवा सुताराला शोधायचे आणि एवढ्याशा किल्लीसाठी चांगल्या दाराची फळी फोडायची. नंतर याच गोष्टीवर सारे पोट धरून हसतात, पण त्या अर्ध्या तासात मात्र हसू येत नाही.

किल्लीची ही गत, तर बाकीच्या वस्तूंचे काय? पैसे, मोबाईल, पंक्चरचे सामान आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण कोण आहोत हे सांगणारा कागद. अंगावरच्या कपड्यांत यांपैकी कशालाच जागा नसते.

खिसे गेले कुठे?

शर्यतीच्या कपड्यांना खिसा नसणे ही शिंप्याची विसरभोळी चूक नव्हे. त्यामागे हिशेब आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. अशा वेळी फडफडणारा सदरा म्हणजे पाठीवर उघडलेली छत्रीच. म्हणून कापड अंगाला चिकटलेले हवे, त्याला चुणी नको, फुगवटा नको आणि फुगवटा करणारा खिसाही नको.

पूर्वी असे नव्हते. फ्रान्सची जगप्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यत १९०३ साली सुरू झाली. त्या काळातले स्पर्धक लोकरीचे जाड कपडे घालत. पुढे अनेक वर्षे त्यांच्या बनियनवजा सदऱ्याला छातीवर बटणांचे खिसे असत. पण सायकलवर माणूस पुढे वाकतो, त्यामुळे छातीवरचा भरलेला खिसा पिशवीसारखा लोंबतो. म्हणून खिसे पुढून मागे गेले. आज सायकलच्या नेहमीच्या जर्सीला कमरेवर, पाठीच्या बाजूला तीन खिसे असतात, ते यामुळेच.

१९५८ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने ताणले की लांबणारा आणि सोडला की पूर्ववत होणारा धागा तयार केला. तोच पुढे 'लायक्रा' या नावाने ओळखला जाऊ लागला. हा धागा सायकलच्या कपड्यांत आला आणि लोकरीचे दिवस संपले. मग सदरा व चड्डी एकत्र शिवलेला एकसंध पोशाख आला. घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायची शर्यत असो किंवा बंदिस्त धावपट्टीवरची, अशा पोशाखाला बहुधा खिसा ठेवतच नाहीत.

तिथे तो लागतही नाही. पुण्याच्या बालेवाडीत किंवा दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमच्या सायकल धावपट्टीवर स्पर्धक जिथून निघतो तिथेच परत येतो. त्याची किल्ली, पाकीट, चष्मा सांभाळायला प्रशिक्षक किंवा सोबती काठावर उभा असतो. अडचण येते ती हाच पोशाख घालून सकाळी एकटे रस्त्यावर निघणाऱ्याची. कपडे शर्यतीचे आहेत, पण काठावर उभा राहणारा सोबती मात्र नाही!

एके काळी शर्यतीतल्यांनाही सोबती नसे, किंबहुना तो असण्याची परवानगीच नव्हती. १९१३ च्या टूरमध्ये युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच स्पर्धकाच्या सायकलचा पुढचा चिमटा डोंगर उतरताना मोडला. नियमाप्रमाणे दुरुस्ती स्वतःच करायची होती. तो सायकल खांद्यावर घेऊन काही कोस चालत खालच्या गावात आला, लोहाराच्या भट्टीत स्वतः लोखंड तापवून त्याने चिमटा जोडला. तरीही त्याला वेळेचा दंड झाला, कारण भट्टीचा भाता एका पोराने हलवला होता. त्या काळातल्या छायाचित्रांत स्पर्धकांच्या खांद्यावरून पाठीवर आडवे-तिडवे गुंडाळलेले जादा टायर दिसतात. ज्याला मदत मिळणार नाही, त्याने लागेल ते सारे अंगावर न्यावे, हा धडा जुनाच आहे.

आजीचा छल्ला, आजोबांचे जानवे

बिनखिशाच्या कपड्यांत मौल्यवान वस्तू कशी न्यावी, हा प्रश्न मराठी घरांना नवा नाही. धोतराला खिसा कुठे होता? नऊवारीला तरी कुठे होता? तरीही पिढ्यान् पिढ्या माणसे पैसाअडका, किल्ल्या घेऊन हिंडलीच.

आजोबांच्या लाकडी पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. आंघोळीतही ती दूर होत नसे. ज्यांना जानवे नसे त्यांच्या कमरेला करगोटा असे. नाणी धोतराच्या कनवटीला लागत. पान-तंबाखूसाठी चंची आणि शेतकऱ्याच्या बंडीला आतून चोरखिसा. दूरच्या प्रवासाला निघालेला व्यापारी कमरेला कापडी कसा बांधी आणि त्यावरून अंगरखा घाली. आजीची तऱ्हा वेगळी. तिच्या कमरेला चांदीचा छल्ला आणि त्यात किल्ल्यांचा जुडगा. त्या जुडग्याच्या आवाजावरून आजी माजघरात आहे की कोठीत, हे घरातल्या पोरांना कळे. सासूने किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या की घराचा कारभार बदलला, हे वेगळे सांगावे लागत नसे.

झाशी तर या बाबतीत मराठी माणसाच्या विशेष ओळखीची. कोकणातून आलेल्या नेवाळकरांचे हे गाव. राणी लक्ष्मीबाईंचे लग्न ज्या गणेश मंदिरात लागले ते आजही इथे आहे. जून १८५७ मध्ये इथल्याच छावणीतल्या शिपायांनी उठाव केला, तर १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घालून ते घेतले. त्या वेढ्यात एक कोकणी भिक्षुक शहरातच अडकला होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून ते उत्तरेकडे निघाले आणि नेमके उठावाच्या वणव्यात सापडले. अंगावर धोतर-उपरणे, वाट चोरांची. वाटेत ते पुन्हा पुन्हा लुटले गेले. पण आईवडिलांसाठी घेतलेले गंगाजल मात्र त्यांनी कावडीतून खांद्यावर वाहून घरी पोहोचते केले. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यांचा 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला, त्यामुळे ही हकीकत घरोघर पोहोचली.

चित्रांत आणि पुतळ्यांत दिसणारी घोड्यावरची राणीही आठवून पाहावी. हात मोकळे, एका हाती तलवार, आणि जे सर्वांत मोलाचे ते, म्हणजे मूल, पाठीशी घट्ट बांधलेले.

या साऱ्या जुन्या युक्त्यांत एक समान सूत्र आहे. मोलाची वस्तू शरीराच्या मध्यभागी, कमरेजवळ ठेवायची, ती कपड्याच्या आत राहील, हलणार नाही, लोंबणार नाही आणि हात मोकळे राहतील असे पाहायचे. आजच्या सायकलस्वारालाही याहून वेगळे काही लागत नाही.

काय न्यावे, काय घरी ठेवावे

खिसा नसण्याचा एक फायदा असा की माणूस विचार करून वस्तू निवडतो. पाकिटातली लग्नाची निमंत्रणे, जुन्या पावत्या, चार-चार कार्डे हे ओझे रोज न्यायचे कारण नाही. तासा-दोन तासांच्या फेरीला पुढील गोष्टी पुरतात.

ओळख. ही यादीत पहिली, किल्लीच्याही आधी. किल्ली नसेल तर फार तर पायरीवर बसावे लागेल. पण माणूस पडला, शुद्ध हरपली आणि अंगावर नावाचा कागदही नसेल, तर इस्पितळाने कळवायचे कुणाला? आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसांनी प्राण गमावले. सायकलस्वाराभोवती तर लोखंडाचे कवचही नसते. म्हणून एका जाड कागदावर नाव, रक्तगट, मधुमेह किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास तिची नोंद आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर लिहावेत. कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून घ्यावा, नाहीतर घामाने शाई पसरते. दुसऱ्या गावी राहणाऱ्यांनी दोनपैकी एक नंबर त्याच गावातल्या माणसाचा द्यावा. रत्नागिरीच्या काकांना झाशीत पोहोचायला दिवस लागेल!

छावणीच्या भागात ओळखपत्राला आणखी एक कारण आहे. हा लष्करी भाग. पहारेकऱ्याने थांबवून विचारले तर 'मी इथलाच' एवढे सांगून भागत नाही.

किल्ली. पूर्ण जुडगा नव्हे, फक्त बाहेरच्या दाराची एक किल्ली. कपाटाच्या, स्कूटरच्या, गोदरेजच्या किल्ल्या सोबत नेण्यात धोकाच अधिक. किल्लीवर घराचा पत्ता लिहिलेली चकती मात्र कधीही लावू नये. हरवलेली किल्ली ज्याला सापडेल त्याला आपणच घर दाखवल्यासारखे होते. ओळखीच्या कागदावरही याच कारणाने घराचा पूर्ण पत्ता न लिहिता फोन नंबर लिहावा.

पैसे. हल्ली चहाच्या टपरीवरही मोबाईलवरून पैसे देता येतात, त्यामुळे रोख रक्कम नेण्याची सवय मोडली आहे. पण बॅटरी संपली किंवा ओरछाच्या वाटेवर नेटवर्क गेले की पंक्चरवाल्याला द्यायला काहीच उरत नाही. शंभराची एक आणि दहा-वीसच्या दोन-तीन नोटा घडी करून ठेवाव्यात.

मोबाईल. तो घामापासून जपावा लागतो. दुधाच्या जाड पिशवीचा धुऊन वाळवलेला तुकडा किंवा चेनची प्लॅस्टिकची पिशवी यासाठी पुरते. आजच्या बहुतेक मोबाईलमध्ये कुलूप न उघडताही दिसेल अशी तातडीच्या वेळची माहिती भरून ठेवता येते. ती घरातल्या जाणत्या मुलाकडून आजच भरून घ्यावी. देशभरासाठी तातडीचा क्रमांक ११२ हा आहे.

पाणी व दुरुस्तीचे सामान. पाण्याची बाटली सायकलच्या सांगाड्यावर बसते. उन्हाळ्यात साध्या पाण्याऐवजी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. जादा ट्यूब, टायर काढायचे दोन पट्टे, ठिगळ आणि छोटा पंप ही मंडळी अंगावर कधीच नकोत, ती सायकलवरच असावीत.

कुठे ठेवावे, कुठे ठेवू नये

सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत जास्त दिसणारी युक्ती म्हणजे दोरीत ओवून किल्ली गळ्यात घालणे. ती टाळावी. वाकल्यावर किल्ली पुढे लोंबते आणि सतत छातीवर आपटत राहते. पडताना दोरी कशात अडकली तर गळ्याला फास बसण्याचे भय आहे. जड दोरीऐवजी झटक्याने तुटेल असा बारीक धागा घेतला तर गळा वाचेल, पण मग किल्ली हरवण्याचे भय!

दुसरी युक्ती म्हणजे हँडलला पिशवी अडकवणे. भाजीला जाताना आपण सारेच हे करतो. हळू चालणाऱ्या सायकलवर ते खपून जाते, वेगात मात्र ती पिशवी झुलत पुढच्या चाकाच्या तारांत गेली की चाक जागच्या जागी थांबते आणि स्वार डोक्यावरून पुढे फेकला जातो. ओढणी किंवा पदर मागच्या चाकात अडकून झालेले अपघात आपल्याकडे काय कमी आहेत? त्याचाच हा पुढच्या चाकाचा भाऊ.

मोज्यात किल्ली खोचली तर दर फेऱ्याला ती घोट्यावर घासते आणि तासाभरात कातडी सोलवटते. हेल्मेटमध्ये तर काहीही ठेवू नये. डोके आणि हेल्मेट यांच्यामध्ये धातूची वस्तू ठेवणे म्हणजे ज्यासाठी हेल्मेट घातले तेच निष्फळ करणे होय.

पाठीवरचे खिसे असलेली जर्सी असेल तर मधल्या खिशात मऊ वस्तू, म्हणजे पावसाळी जाकीट, केळे, रुमाल ठेवावे. किल्ली, हवेचा पंप, लोखंडी पाने अशा टणक वस्तू मधोमध नकोत. पाठीवर पडलो तर त्या नेमक्या मणक्यात रुततात.

मग ठेवायचे कुठे? पहिली जागा म्हणजे बैठकीखाली पट्ट्याने घट्ट बांधायची छोटी पिशवी. दुरुस्तीच्या सामानाला हीच योग्य. तिच्यात किल्ली ठेवायला हरकत नाही, पण सायकल चोरीला गेली तर किल्लीही जाते. दुसरी जागा बुटाच्या नाडीची. धावणारे खेळाडू किल्ली नाडीत ओवून तिच्यावर गाठ मारतात. सायकलवर पाय गोल फिरतो, म्हणून किल्ली लोंबता कामा नये. ती नाडीच्या दोन-तीन आडव्या ओळींखाली सपाट बसवावी. तिसरी जागा आपल्या आजोबांची, म्हणजे कमर. कपड्याच्या आत सपाट बसणारा लवचिक पट्टा यासाठी मिळतो. आणि तो विकत घ्यायचा नसेल तर घरच्या घरी चोरखिसा शिवता येतो.

घरी शिवा चोरखिसा

मऊ सुती कापडाची ७ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर लांब पट्टी घ्यावी. जुन्या धोतराचे किंवा उशीच्या अभ्र्याचे कापड उत्तम, कारण ते टोचत नाही. लांबीकडची दोन्ही टोके अर्धा-अर्धा सेंटिमीटर दुमडून शिवून घ्यावीत. एका बाजूने ८ सेंटिमीटर दुमडून दोन्ही कडा शिवल्या की पिशवी तयार होते. वर तीन सेंटिमीटर उरलेला भाग हे तिचे झाकण. त्याला टिचबटण लावावे.

आता ही पिशवी चड्डीच्या कमरपट्ट्याला आतून जोडायची. इथे एक काळजी घ्यावी. ताणणाऱ्या कापडावर मशीनची सरळ टीप घातली तर कापड ताणताच दोरा तुटतो. म्हणून फक्त वरची कड, हाताने, सैल तिरक्या टाक्यांनी जोडावी. खालची बाजू मोकळीच राहू द्यावी. जागा निवडताना मणका आणि कमरेचे बाजूचे हाड ही दोन्ही टाळावीत. मणक्यापासून चार बोटे बाजूला, जिथे मांसल भाग आहे तिथे पिशवी बसवावी.

पिशवीच्या तळाशी वीतभर नाडी शिवून तिचे दुसरे टोक किल्लीला बांधावे. झाकण उघडे राहिले तरी किल्ली रस्त्यावर पडत नाही, आणि दारात उभे राहून नाडी न सोडताच ती बाहेर काढता येते. किल्लीचे दाते नोटेच्या घडीत गुंडाळावेत, म्हणजे टोचत नाहीत. नोट मात्र प्लॅस्टिकच्या तुकड्यात ठेवावी, नाहीतर दुकानदार ओली नोट उलटीपालटी करून बघत बसतो! धुण्याआधी किल्ली काढायला विसरू नये.

मोठ्यांच्या खिशात काय असते?

अमेरिका पूर्व-पश्चिम ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघातून ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. या शर्यतीत स्पर्धकाच्या मागे त्याची माणसे मोटारीतून सतत असतात. पाणी, अन्न, औषध, कपडे सारे त्यांच्याकडे. अशा स्वाराला बिनखिशाचे कपडे परवडतात.

'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांचे उलटे असते. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत अशी मुदत असते. इथे पहिल्या-दुसऱ्या नंबराचा प्रश्न नसतो, पण वाटेत मागून मोटार आणून मदत घेता येत नाही. दिवे, चमकणारे जाकीट, दुरुस्तीचे सामान सारे स्वतः न्यायचे. शिवाय ठरलेल्या ठिकाणी नोंद करण्यासाठी दिलेले कार्ड जपायचे. कार्ड हरवले तर एवढी तंगडतोड वाया. त्यामुळे लांब पल्ल्याचा मुरलेला स्वार किमती सायकलइतकेच साध्या खिशालाही मानतो.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी केली. बहुतेक प्रवास एकटीचा. स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटण्यात आले, तरी ती थांबली नाही. एकट्या प्रवाशाने सारे पैसे आणि कागदपत्रे एकाच जागी कधीही ठेवू नयेत, ही शिकवण अशा प्रसंगांतूनच मिळते. थोडे अंगावर, थोडे सायकलवर, असे वाटून ठेवले तर एक वाटा गेला तरी पुढची वाट बंद होत नाही.

तिच्या सव्वाशे वर्षे आधी, १८९४ मध्ये, अमेरिकेतली ॲनी लंडनडेरी सायकल घेऊन जगप्रवासाला निघाली होती. तिच्याजवळ होते कपड्यांचा एक जादा जोड आणि शिंपल्याच्या मुठीचे एक पिस्तूल! काळ बदलला, पिस्तुलाच्या जागी मोबाईल आला, पण न्यायच्या वस्तू मोजक्याच असाव्यात हे काही बदलले नाही.

खिसा फक्त पुरुषांनाच?

हे सारे वाचून अनेक गृहिणी म्हणतील, 'बिनखिशाचे कपडे तर आम्ही रोजच घालतो!' आणि ते खरेच आहे. साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसला बहुधा नाही आणि बाजारात मिळणाऱ्या बायकांच्या पँटला असला तरी त्यात दोन बोटेच जातात. म्हणून पर्स आली आणि पर्ससोबत एक हात कायमचा अडकला. फिरायला, योगासनांना, सायकलवर जाताना हा हात मोकळा हवा असतो. कुर्ता शिवायला टाकताना शिंप्याला बाजूच्या शिवणीत एक खोल खिसा ठेवायला सांगितले, तर वीतभर कापड जास्त लागते, पण रोजची कटकट वाचते. मुलींच्या कपड्यांना तर तो आग्रहाने ठेवून घ्यावा.

घराकडची बाजू

किल्ली नेण्याची उत्तम व्यवस्था केली तरी एखादा दिवस चुकीचा उगवतोच. त्यासाठी दुसरी किल्ली बाहेर हवी. पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, मीटरच्या पेटीवर ती ठेवणारे अनेक आहेत. चोर पहिल्यांदा तिथेच पाहतो. विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवणे हाच जुना आणि खात्रीचा मार्ग. बदलीच्या गावात मात्र शेजारही बदलतो. सामानाच्या पेट्या ट्रकवर चढत असताना आपली किल्ली परत मागायला संकोच करू नये आणि नव्या शेजाऱ्यांशी चहाच्या आधी निदान ओळख तरी करून घ्यावी.

निघताना जाण्याचा रस्ता आणि परतण्याची वेळ घरी सांगून जावे. 'ओरछाला जातो, आठपर्यंत येतो' एवढे वाक्य पुरे. साडेआठ झाले की फोन करायचा हे घरच्यांना ठाऊक असावे. वाटेत दुसरा कुणी पडलेला दिसला तर थांबावे. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. अशा वेळी त्या पडलेल्याच्या कमरेशी एक चोरखिसा आणि त्यात नावाचा कागद सापडावा, एवढीच प्रार्थना.

चोरखिसा शिवायला कापडाची वीतभर पट्टी आणि दुपारचा अर्धा तास लागतो. मग पहाटे "अहो, किल्ली घेतलीत का?" या प्रश्नाला शब्दांत उत्तर द्यावे लागत नाही. आजोबा जानव्याकडे बोट दाखवीत, तसे कमरेवर नुसते थोपटले की झाले.